शस्त्रक्रियेनंतर बाळाला कोण सांभाळतं?

अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या बालरुग्णालयात लहान मुलाचं यकृत किंवा मूत्रपिंड बदललं जातं, तेव्हा सर्जनचं नाव घरातल्या सगळ्यांना पाठ झालेलं असतं. त्यानंतर रोज भल्या सकाळी येऊन मुलाचं पोट तपासणारी, ड्रेनच्या नळीतून काय आणि किती येतंय ते पाहणारी, औषधाची मात्रा बदलणारी आणि घरी गेल्यावर फोनवर भेटणारी व्यक्ती मात्र बहुतेक वेळा दुसरीच असते. तिच्या बिल्ल्यावर ‘नर्स प्रॅक्टिशनर’ किंवा ‘फिजिशियन असिस्टंट’ असं लिहिलेलं असतं. या दोघांना मिळून तिथे ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्रॅक्टिस प्रोव्हायडर’ म्हणतात, थोडक्यात एपीपी. नातवंडासाठी इथून गेलेले आजी-आजोबा तिला विचारतात, “सिस्टर, डॉक्टर कधी येणार?” त्यांचं चुकत नाही, कारण आपल्याकडे हा पेशा अजून ओळखीचाच झालेला नाही. पण त्याच्याविषयीचे काही गैरसमज थेट मुलाच्या तब्येतीवर बेतू शकतात, म्हणून ते दूर व्हायला हवेत.

“डॉक्टर होता आलं नाही, म्हणून हे झाले”

हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात अन्यायकारक समज. नर्स प्रॅक्टिशनर आधी पदवीधर, नोंदणीकृत परिचारिका असते. त्यावर ती पदव्युत्तर पदवी किंवा डॉक्टरेट घेते आणि राष्ट्रीय परीक्षा देते. मुलांच्या गंभीर आजारांसाठी या परीक्षेची वेगळी शाखा आहे. फिजिशियन असिस्टंट पदवीनंतर साधारण सव्वादोन वर्षांचा वैद्यकीय धर्तीचा अभ्यासक्रम करतो आणि त्याचा मोठा भाग निरनिराळ्या वॉर्डांत काम करण्यातच जातो. पन्नासही राज्यांत दोघांना औषधं लिहून देता येतात. अर्ध्याहून अधिक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनरला डॉक्टरशी करार न करताही काम करण्याची कायदेशीर मुभा आहे. प्रत्यारोपणाच्या चमूचं नेतृत्व मात्र सर्जन आणि त्या अवयवाचे तज्ज्ञ डॉक्टर यांच्याकडेच असतं आणि तसंच असायला हवं. प्रत्यारोपण सर्जन होण्यासाठी वैद्यकीय पदवीनंतर पाच वर्षं सर्वसाधारण शल्यक्रिया आणि वर दोन वर्षं प्रत्यारोपणाचं शिक्षण लागतं. एपीपी त्याची जागा घेत नाहीत. त्यांचं काम वेगळं आहे, आणि ते आपणहून निवडलेलं आहे.

यकृत प्रत्यारोपण आणि नर्स प्रॅक्टिशनरचा पेशा या दोन्हींचा उगम एकाच शहरातला आहे, हे मला फार बोलकं वाटतं. १ मार्च १९६३ रोजी डेन्व्हरला कोलोरॅडो विद्यापीठात थॉमस स्टार्झल यांनी माणसातलं पहिलं यकृत प्रत्यारोपण करून पाहिलं. रुग्ण तीन वर्षांचा मुलगा होता, आजार पित्तनलिका बंद असण्याचा. रक्तस्राव थांबला नाही आणि मूल टेबलावरच गेलं. पुढे १९६७ मध्ये त्यांनीच एका दीड वर्षाच्या मुलीचं यकृत बदललं आणि ती वर्षभराहून अधिक जगली. या दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या काळात, १९६५ मध्ये, त्याच विद्यापीठात लॉरेटा फोर्ड या परिचारिकेनं आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञानं नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला, आणि तोही मुलांसाठीच. त्याच वर्षी ड्यूक विद्यापीठात यूजीन स्टीड यांनी नौदलातल्या चार माजी वैद्यकीय सहायकांना घेऊन फिजिशियन असिस्टंटचा पहिला वर्ग भरवला.

“मग ऑपरेशन हेच करतात का?”

नाही. शस्त्रक्रिया सर्जनच करतात. काही एपीपी त्यात सहायक म्हणून उभे राहतात; काही ठिकाणी दात्याचा अवयव काढून आणणाऱ्या तुकडीबरोबरही जातात. कित्येक जण शस्त्रक्रियागृहात क्वचितच पाऊल टाकतात, कारण वॉर्ड आणि ओपीडी त्यांच्यावर असते.

“मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस”

असं कुणी उघड बोलत नाही, पण मनात धरून चालतात. दहा किलोच्या मुलाच्या अंगात जेमतेम पाऊण लिटर रक्त असतं. मोठ्या माणसाच्या ड्रेनमध्ये ज्या रक्ताकडे फारसं लक्षही जाणार नाही, तेवढ्यानं या मुलाच्या नाडीचं गणित बदलतं. रोजच्या तपासण्यांसाठी काढलेलं रक्तही साठत साठत मोजावं लागतं.

अशा मुलाला अनेकदा आईचं किंवा बापाचं मूत्रपिंड दिलेलं असतं. तो प्रौढ अवयव लहानग्या पोटात बसवला जातो, आणि मुलाच्या हृदयाकडून त्याला प्रौढाइतकंच रक्त हवं असतं. म्हणून रक्तदाब मुद्दाम वर ठेवावा लागतो. लघवी किती झाली हे दर तासाला मोजून तेवढं पाणी शिरेतून परत द्यावं लागतं. पाणी कमी पडलं तर नवं मूत्रपिंड सुकतं, जास्त झालं तर फुप्फुसांत साठतं. हा हिशेब तासातासाला पुन्हा मांडणं हे एपीपीचं काम. (मुलाची जुनी मूत्रपिंडं काढून टाकतात, हाही एक समज. बहुतेक वेळा ती तशीच राहू देतात.)

यकृताची गोष्ट याहून नाजूक. तान्ह्या बाळाला बहुधा मोठ्या माणसाच्या यकृताचा डावीकडचा छोटा तुकडा देतात. त्याला रक्त पुरवणारी धमनी अवघी काही मिलिमीटर जाडीची असते. तिच्यात गुठळी झाली तर अवयव हातचा जाऊ शकतो, म्हणून पहिल्या दिवसांत डॉप्लर सोनोग्राफी पुन्हा पुन्हा होते. अहवाल येताच तो वाचून सर्जनला तातडीनं बोलवायचं की थांबायचं, ही पहिली पारख बहुधा एपीपीलाच करावी लागते.

इथं एक गोष्ट विषयाला थोडी सोडून, पण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मुलांच्या यकृत प्रत्यारोपणामागचं सर्वांत मोठं कारण आजही पित्तनलिका बंद असणं हेच आहे. नवजात बाळाची कावीळ “कोवळ्या उन्हात ठेवा, जाईल” म्हणून सोडून दिली जाते. दोन आठवड्यांनंतरही डोळे पिवळे असतील, शी पांढुरकी होत असेल, तर ऊन हा इलाज नव्हे. रक्तातलं बिलिरुबिन ‘डायरेक्ट’ किती आहे हे लगेच तपासलं पाहिजे. जपानच्या मोरिओ कासाई यांनी शोधलेली शस्त्रक्रिया दोन महिन्यांच्या आत झाली तर सर्वाधिक उपयोगी पडते, आणि काही मुलांचं प्रत्यारोपण त्यामुळे लांबतं किंवा टळतंही.

“ऑपरेशन झालं, आता मूल बरं झालं”

एपीपीचा बहुतेक दिवस याच गैरसमजाशी झुंजण्यात जातो. प्रत्यारोपणानं जीवघेणा आजार जातो, पण त्याच्या जागी आयुष्यभर सांभाळायची एक स्थिती येते. शरीर नव्या अवयवाला परकाच मानतं, म्हणून प्रतिकारशक्ती दबवणारी औषधं रोज घ्यावी लागतात. त्यांतलं मुख्य टॅक्रोलिमस, जपानमधल्या त्सुकुबा भागातल्या मातीतल्या जिवाणूपासून सापडलेलं. त्याची योग्य पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर फार थोडं आहे. कमी पडलं तर शरीर अवयव नाकारतं, जास्त झालं तर मूत्रपिंडाला इजा होते, हात थरथरतात. शिवाय लहान मुलांचं शरीर हे औषध लवकर संपवतं, त्यामुळे वजनाच्या मानानं त्यांना मोठ्यांपेक्षा जास्त मात्रा लागते.

पातळी मोजायचं रक्त सकाळच्या मात्रेच्या आधी काढायचं असतं. आईनं घाईत आधी औषध पाजलं आणि मग रक्त दिलं, तर आकडा खोटा वर जातो. तो खरा धरून कुणी मात्रा कमी केली, तर मुलाला अवयव नाकारला जाण्याच्या वाटेवर आपणच ढकलतो. म्हणून आकडा विचित्र आला की अनुभवी एपीपी आधी घरी फोन लावते आणि विचारते, “आज औषध किती वाजता दिलं?” पुढचे प्रश्न ठरलेले: जुलाब झालेत का, कारण जुलाबांत पातळी बऱ्याचदा वाढते, दुसऱ्या डॉक्टरनं एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन दिलंय का, कारण तीही वाढवतात, क्षयावरचं रिफॅम्पिसिन चालू आहे का, कारण ते पातळी झपाट्यानं खाली आणतं, पातळ औषधाची बाटली बदलली का, कारण वेगळ्या तीव्रतेच्या बाटलीतून तेवढेच मिलिलिटर दिले तर मात्रा चुकते.

मराठी घरांसाठी यात आणखी काही येतं. ग्रेपफ्रूट टाळा असं तिथे सगळ्यांनाच सांगतात. आपल्या कोकणातलं पपनस त्याचंच जवळचं नातलग, तेही टाळायचं. काढे आणि चाटणं आजी मायेनंच पाठवते, पण त्यांतलं कुठलं द्रव्य टॅक्रोलिमसशी काय करेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून चमूला विचारल्याशिवाय काहीच द्यायचं नाही. तापाला आयब्युप्रोफेन नको, मूत्रपिंडावर ताण येतो. आणि ताप आला तर “उद्या बघू” चालत नाही, त्याच वेळी फोन करायचा.

लसींबाबतही असंच. गोवर, कांजिण्या यांच्या जिवंत लसी प्रत्यारोपणानंतर सहसा टाळतात, म्हणून त्या शक्यतो आधीच, निदान चार आठवडे अगोदर उरकतात. भारतात पोलिओचे थेंब अजून दिले जातात. त्यांतला विषाणू काही काळ शीतून बाहेर पडतो, म्हणून प्रत्यारोपण झालेलं मूल घरात असेल तर धाकट्या भावंडाला थेंबांऐवजी टोचायची लस द्यायची. सुट्टीत भारतात यायचं ठरलं की हे सगळं कुटुंबाबरोबर बसून एपीपीच आखते.

अवयव नाकारला जाण्याची सुरुवात बहुधा दिसतही नाही. मूल खेळत असतं, जेवत असतं, फक्त यकृताची एन्झाइम्स किंवा क्रिएटिनिन वर सरकलेलं असतं. सगळ्यात कठीण वय पौगंडाचं. औषधांनी चेहरा सुजतो, मित्रांत वेगळं दिसणं नकोसं होतं आणि गोळ्या चुकायला लागतात. कोवळ्या वयात मिळालेला अवयव अठरा-वीसच्या सुमारास गमावणारी मुलं ही या क्षेत्राची फार मोठी खंत आहे. तिथे पुस्तकी ज्ञानाइतकीच मुलाशी तान्हेपणापासूनची ओळख उपयोगी पडते. शिकाऊ डॉक्टर महिन्या-दोन महिन्यांनी दुसऱ्या विभागात जातात. एपीपी मात्र बऱ्याचदा वर्षानुवर्षं तिथेच असते. ‘गोळ्या घेतोस ना?’ या प्रश्नाला खरं उत्तर अशाच माणसाला मिळतं.

“पैसे वाचवायला रुग्णालयानं हे काढलं”

खर्चाचा विचार असतोच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण २००३ मध्ये अमेरिकेत शिकाऊ डॉक्टरांच्या कामाला आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली, आणि वॉर्डात दिवसरात्र जाणतं माणूस कोण ठेवायचं हा प्रश्न उभा राहिला. एपीपींची संख्या वाढण्यामागे ते एक मोठं कारण होतं.

“आपल्याकडचा समन्वयक म्हणजे तोच”

तो नव्हे. आपल्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ च्या दुरुस्तीनं समन्वयक नेमणं बंधनकारक झालं. मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय प्रत्यारोपण समित्यांशी तोच बोलतो, दात्याच्या नातेवाइकांना धीर देतो, कागदपत्रं पुरी करतो. मोलाचं काम आहे, पण तो औषध लिहीत नाही, निदान करत नाही.

भारतात फिजिशियन असिस्टंटचं शिक्षण १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये सुरू झालं, आणि २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्यानं या पेशाला ओळख दिली. भारतीय परिचर्या परिषदेनं अतिदक्षतेतल्या नर्स प्रॅक्टिशनरचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही आखला आहे. मात्र इथल्या नर्सिंगच्या पदवीवर अमेरिकेत थेट नर्स प्रॅक्टिशनर होता येत नाही. आधी पात्रता तपासणी आणि एनक्लेक्स परीक्षा देऊन नोंदणीकृत परिचारिका व्हायचं, मग तिथली पदव्युत्तर पदवी, मग बालरुग्णांची परीक्षा. एमबीबीएस झालेल्यांनाही फिजिशियन असिस्टंटची परीक्षा परस्पर देता येत नाही; तिथला मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पहिल्यापासून करावा लागतो.