प्रभुत्वशाली सॉफ्टवेअर कंपनी आणि लहान स्पर्धक : 'क्विक हील'च्या निमित्ताने

प्रस्तावना

सॉफ्टवेअर एकदा तयार झाले की त्याची प्रत्येक पुढील प्रत जवळजवळ विनाखर्च निघते. त्यामुळे लहान कंपनी ज्या वस्तूच्या विक्रीवर जगते, तीच वस्तू मोठी कंपनी मोफत देऊ शकते. हे सामर्थ्य ग्राहकहिताचे की स्पर्धेस मारक, याचे विवेचन मायक्रोसॉफ्ट आणि पुण्याची क्विक हील यांच्या उदाहरणाद्वारे प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रभुत्वाच्या तीन रीती

पहिली रीत जोडविक्रीची. मायक्रोसॉफ्टने विंडोजसोबत इंटरनेट एक्सप्लोरर मोफत दिल्याने नेटस्केपचा ब्राउझर मागे पडला. अमेरिकन सरकारने 1998 मध्ये खटला भरला. कंपनीच्या विभाजनाचा 2000 मधील आदेश अपील न्यायालयाने 2001 मध्ये रद्द केला. मात्र मक्तेदारी बेकायदेशीर मार्गांनी टिकविल्याचा निष्कर्ष कायम राहिला.

दुसरी रीत माहिती रोखण्याची. विंडोजशी जुळवून घेण्यासाठी स्पर्धकांना आवश्यक असणारा तांत्रिक तपशील न दिल्याबद्दल, तसेच मीडिया प्लेअरच्या जोडविक्रीबद्दल, युरोपीय आयोगाने 2004 मध्ये 49.7 कोटी युरोंचा दंड केला.

तिसरी रीत संपादनाची. 2003 मध्ये मायक्रोसॉफ्टने रुमानियातील जेकॅड या कंपनीचे अँटिव्हायरस तंत्रज्ञान विकत घेतले. त्यानंतर लिनक्सवरही चालणारे तिचे 'रॅव्ह' हे उत्पादन बंद झाले.

पुण्याचे उदाहरण

कैलास काटकर यांनी पुण्यात यंत्रदुरुस्तीपासून व्यवसायास आरंभ केला. त्यांचे बंधू संजय यांनी संगणकातील व्हायरस काढणारे प्रोग्रॅम लिहिले. त्यातूनच 1995 मध्ये स्थापन झालेल्या कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीचे 'क्विक हील' हे उत्पादन पुढे आले. 2007 मध्ये कंपनीनेही तेच नाव धारण केले आणि 2016 मध्ये तिच्या समभागांची शेअर बाजारात नोंदणी झाली. गावोगावचे विक्रेते आणि दुरुस्ती करणारे तंत्रज्ञ हे या कंपनीचे खरे बळ होते.

दरम्यान मायक्रोसॉफ्टने 2009 मध्ये मोफत अँटिव्हायरस उपलब्ध केला आणि 2012 च्या विंडोज 8 पासून 'डिफेंडर' मूळ प्रणालीतच समाविष्ट केला. अन्य अँटिव्हायरस बसविण्यास बंदी नव्हती. परंतु जी सोय आधीच हाती आहे, तिच्यासाठी दरवर्षी पैसे का द्यावेत, हा प्रश्न ग्राहकाच्या मनात उभा राहणे स्वाभाविक होते. क्विक हीलने 'सेक्राइट' या नाममुद्रेने संस्था व उद्योगांच्या सुरक्षेकडेही मोर्चा वळविला.

कायद्याची भूमिका

भारतात स्पर्धा अधिनियम, 2002 मधील कलम 4 हे 20 मे 2009 पासून अमलात आले. हे कलम प्रभुत्वास नव्हे, तर प्रभुत्वाच्या गैरवापरास प्रतिबंध करते. याच कलमाखाली भारतीय स्पर्धा आयोगाने 2022 मध्ये अँड्रॉइड प्रकरणी गूगलला 1,337.76 कोटी रुपयांचा दंड केला. तेथे फोन उत्पादकांवर गूगलची अ‍ॅप्स आधीच बसविण्याची सक्ती होती. याउलट डिफेंडरविषयीची तक्रार आयोगाने 2025 मध्ये फेटाळली. ग्राहकास अन्य अँटिव्हायरस निवडण्याची मुभा आहे, हा त्यामागील प्रमुख विचार होता.

या दोन निर्णयांतून कायद्याची सीमारेषा स्पष्ट होते. सक्ती असल्यास कायदा हस्तक्षेप करतो. केवळ सवयीमुळे स्पर्धक मागे पडल्यास तो सहसा करत नाही.

निष्कर्ष

मोफत संरक्षणाचा लाभ सामान्य ग्राहकास निश्चितच झाला, हे नाकारता येत नाही. परंतु कुलूप बनविणारा आणि पहारेकरी एकच असला, की कुलपातील दोष दाखविणारा तिसरा कोणी उरावा लागतो. लहान स्पर्धकाचे मोल येथे आहे. तो टिकला तर स्थानिक तंत्रज्ञ, संशोधनाच्या संधी आणि पर्यायही टिकतात.

कामणसारख्या परिसरातील महाविद्यालयांनी संगणक प्रयोगशाळेसाठी खरेदी करताना केवळ शून्य किंमत न पाहता सेवा, सुरक्षितता आणि पर्यायांची उपलब्धता यांचाही विचार करावा. कायदा निवडीचे स्वातंत्र्य राखू शकतो. ते वापरण्याची जबाबदारी मात्र ग्राहकाची आणि त्याला घडविणाऱ्या शिक्षकाची आहे.