इमॅजिकाची पहिली वारी

महाड-पोलादपूरकडील ज्या कुटुंबांस मुलाबाळांसह प्रथमच, आपल्याच जिल्ह्यात खोपोलीनजीक २०१३ साली सुरू झालेल्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानास जावयाचे असेल, त्यांनी पहाटेच प्रस्थान ठेवून, माणगाव-कोलाड मागे टाकीत, वाकण फाट्यावरून उजवीकडे वळावे, म्हणजे पालीच्या बल्लाळेश्वराचे दर्शनही वाटेतच घडते. तेथील थीम पार्क व वॉटर पार्क हे स्वतंत्र असल्याने एकाच दिवशी दोहोंचा मोह धरू नये. ‘नायट्रो’सारख्या रोलर कोस्टरला उंचीची अट असते, सबब मुलांची उंची घरीच दाराच्या चौकटीशी मोजून घ्यावी, म्हणजे रांगेच्या तोंडाशी होणारा अश्रुपात टळतो. आजीआजोबांसाठी सावलीतल्या विसाव्याची आणि भिजणाऱ्यांसाठी सुक्या कपड्यांची तजवीज मात्र अवश्य असावी.