मंगळ, मुक्कामी गाडी आणि आपण

गेल्या महिन्यात एक तरुण जोडपे माझ्या ऑफिसात आले. दोघेही बौद्ध, शिकलेले, नोकरीला लागलेले. विहाराच्या वाचनालयात ओळख झाली, पुस्तकांची देवाणघेवाण झाली आणि पुढे पुस्तकाचे निमित्तही उरले नाही. दोन्ही घरची पसंती होती. मग वकिलाकडे कशाला? तर मुलीला मंगळ निघाला होता!

बंधू-भगिनींनो, हसू नका. भिंतीवर बाबासाहेब आणि कपाटात पत्रिका अशी घरे आपल्याच वस्तीत मोजायला निघालो तर संध्याकाळ होईल.

मुलाच्या आईने शेजारणीच्या नादाने गुपचूप पत्रिका काढून आणली. तिचा पाया काय? मुलीची शाळेतली जन्मतारीख १ जून. दाखल्यावर ही तारीख गुरुजींनी किती पोरांना बहाल केली, हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. वेळ सांगितली मुलीच्या आजीने : "मुक्कामी यष्टी आली तवा." त्या रात्री गाडी वेळेवर होती की नाही, हे एस.टी. महामंडळच जाणे. गुरुजींची तारीख, एस.टी.ची वेळ, आणि तेवढ्यावर मंगळ थेट सातव्या घरात!

उपाय सांगितला कुंभविवाहाचा. मुलीचे लग्न आधी मडक्याशी, मग मुलाशी. मुलगी म्हणाली, "सर, मडक्यानंतर ह्याच्याशी लग्न केलं तर कलम ८२ लागेल का हो?" भारतीय न्याय संहितेचे हे कलम जोडीदार हयात असताना दुसरे लग्न करणाऱ्याला लागते. मी म्हटले, मडके हयात होते हे फिर्यादीला शाबीत करावे लागेल. मुलगा हसला. ती हसली नाही. "हा आईला नाही म्हणतो का, तेवढंच मला बघायचंय." गोम इथेच होती. पठ्ठ्या मोर्चात पुढे, भाषणात पुढे, आईपुढे मात्र मूग गिळून बसलेला.

लग्नासाठी कायदा मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ आहे का ते बघतो; ग्रह विचारत नाही. (आम्हा बौद्धांना १९५५चा हिंदू विवाह कायदाच लावला जातो, हे दुखणे निराळे; त्यावर पुन्हा कधीतरी.) पण कायद्याच्या भरवशावर तरी किती राहायचे? डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला, त्यातही ज्योतिषाचा सल्ला बाहेरच राहिला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ मध्ये ज्योतिष विद्यापीठांत आणले, आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला.

मी आईला बोलावून घेतले. बावीस प्रतिज्ञांपैकी आठवी, ब्राह्मणाहाती क्रियाकर्म न करण्याची, जिभेवर तयार ठेवली होती. ती तशीच राहिली. ती माउली म्हणाली, "दादा, सव्विसाव्या वर्षी धनी गेलं. सासरच्यांनी मला पांढऱ्या पायाची ठरवलं. पोराच्या बाबतीत परत तसं नको." ज्या शब्दाने हिचे आयुष्य जाळले, तोच आता हिच्या हातून सुनेच्या कपाळी लागणार होता. तसे मी तिला बोललोही. ती गप्प बसली.

मग मी नक्खत्त जातकाची गोष्ट सांगितली. लग्नाचा दिवस ठरला. वरपक्षाने घरोब्याच्या आजीवक साधूला नक्षत्र विचारले. आपल्याला आधी का विचारले नाही, या रागाने त्याने दिवस वाईट ठरवला. वऱ्हाड गेलेच नाही. तिकडे मांडव सजलेला, खर्च झालेला. मुलीकडच्यांनी तिला दुसरा नवरा पाहून लग्न उरकले. दुसऱ्या दिवशी वरपक्ष दारात उभा, मग भांडण! तेव्हा एका शहाण्याने विचारले की मुलगी मिळणे हेच नक्षत्र नव्हते काय?

बाईंनी विचारले, "त्या पोरीचं पुढं काय झालं?"

"जातकात नाही, ताई."

"बरंच झालं असंल." त्यांनी पिशवीतून पत्रिका काढून मुलापुढे धरली. "तूच काय ते कर."

मुलाने माझ्याकडे पाहिले. मुलगी म्हणाली, "सरांकडे काय बघतोस?"

पत्रिकेचे तुकडे माझ्या टेबलावर पडले. लग्न येत्या अमावस्येला आहे. सभागृह त्याच दिवशी रिकामे होते.