कर्णक्षोभ, मधुमेही मांजरांतील

मधुमेही मांजराच्या रक्तातील ग्लुकोजाचे प्रमाण घरच्या घरी मोजण्यासाठी कानाच्या पाळीला वारंवार टोचल्यामुळे तेथील त्वचेला होणारा दाह. हा स्वतंत्र रोग नसून उपचाराच्या ओघात उद्‌भवणारी व बव्हंशी टाळता येण्यासारखी विकृती आहे.

मांजरांतील मधुमेह बहुतांशी माणसातील दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहासारखा असतो. प्रौढ, लठ्ठ व खच्ची केलेल्या बोक्यांत तो अधिक आढळतो. त्यावर सामान्यतः दिवसातून दोनदा इन्शुलीन टोचतात. उपचार लवकर सुरू झाल्यास व आहारातील कार्बोहायड्रेटे कमी केल्यास काही मांजरांची इन्शुलिनाची गरज घटते वा नाहीशी होते. त्यानंतरही मात्रा तीच राहिल्यास रक्तशर्करा अतिशय उतरून झटके येतात व मृत्यूही ओढवू शकतो. यासाठी इन्शुलीन देण्यापूर्वी चाचणी करणे हितावह असते. दवाखान्यातील भीतीमुळे निरोगी मांजराचीही रक्तशर्करा बरीच वाढते. त्यामुळे घरी केलेले मापन अधिक विश्वसनीय ठरते. झुरिक विद्यापीठातील वेस व रॉइश यांनी कुत्रा व मांजर यांच्या कानातून केशवाहिनीतील रक्त घेण्याच्या पद्धतीचे वर्णन २००० मध्ये प्रसिद्ध केले.

कारणे व लक्षणे : पाळीच्या कडेने एक नीला जाते. ती व पाळीची कड यांमधील भागात टोचतात. येथील त्वचा पातळ असून खाली उपास्थी असते. एकाच जागी टोचणे, बोथट झालेली सुई पुन्हा वापरणे, रक्तासाठी पाळी जोराने पिळणे आणि टोचल्यावर जागा दाबून न धरणे यांमुळे रक्त साकळून काळेनिळे डाग, खपल्या व सूज येते. स्पिरिटने त्वचा कोरडी पडते व झोंबते. शिवाय थेंबात स्पिरिट मिसळल्यास मापन चुकते. कान दुखू लागला की मांजर धडपडते, मापन कठीण होते आणि ताणामुळे आकडाही फुगतो.

निदान : टोचण्याच्या जागेपुरतीच असलेली विकृती चाचणीजन्य समजावी. कर्णनलिकेत कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट मळ व तीव्र खाज असल्यास कानातील सूक्ष्म परजीवींचा, तर केस गळून गोल चट्टे पडल्यास गजकर्णाचा संशय घ्यावा. पांढऱ्या मांजराच्या कानाच्या टोकावरील न भरणारा व्रण कर्करोगाचा असू शकतो.

प्रतिबंध व उपचार : टोचण्यापूर्वी कोमट, कोरड्या कापडाने कान शेकल्यास रक्त सहज येते. त्या जागी पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर दिल्यास थेंब केसांत न पसरता गोळा होतो. आधुनिक मापकांना १ मायक्रोलिटरहून कमी रक्तही पुरते. प्रत्येक वेळी नवी सुई घ्यावी, दोन्ही कान व त्यांवरील जागा आलटून पालटून वापराव्या आणि नंतर स्वच्छ कापसाने सु. अर्धा ते एक मिनिट दाबून धरावे. दाह झालेल्या कानाला विश्रांती देऊन दुसऱ्या कानातून किंवा पंजाच्या गादीतून रक्त घेता येते. त्वचेवर बसविण्याचे संवेदकही उपलब्ध आहेत. ते वापरल्यास टोचण्याची वेळ कमी येते.

कानाच्या अनेक मलमांत व थेंबांत कॉर्टिकोस्टेरॉइडे असतात. ती शोषली जाऊन किंवा चाटण्यावाटे पोटात जाऊन इन्शुलिनाचा परिणाम कमी करतात. त्यामुळे कानाच्या औषधाने मधुमेहच बळावण्याचा संभव असतो. असे औषध पशुवैद्याच्या सल्ल्यावाचून लावू नये. पू, दुर्गंधी, वाढती सूज किंवा डोके सतत झटकणे ही लक्षणे दिसल्यास कान त्वरित तपासून घ्यावा. जंतुसंसर्गानेही रक्तशर्करा वाढते. मात्र कान दुखतो म्हणून चाचणी बंद करून इन्शुलीन अंदाजाने देणे धोक्याचे असते.