शेंगदाणा चालत नाही, तीळ चालत नाही. मग लेकराला घेऊन क्रूझवर जायचं का?

कानात इअरफोन घालायला वेळ नसेल, किंवा लेकरू मांडीवर झोपलंय म्हणून आवाज चालत नसेल, तर हा भाग इथं वाचा. बोललेलंच लिहिलंय, थोडं आवरून-सावरून.

ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या लातूरची माणसं आता पाण्यावर फिरायला निघालीत. चांगलीच गोष्ट आहे. पूर्वी क्रूझ म्हटलं की सिंगापूर आठवायचं. मग २०१८ मध्ये मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ आली, आणि सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलियाचं ‘एम्प्रेस’ मुंबईहून सुटायला लागलं. नांदेडहून तपोवन किंवा देवगिरी पकडा, लातूरहून रात्रीची मुंबई एक्स्प्रेस पकडा, सीएसएमटीला उतरा आणि टॅक्सीनं बॅलार्ड पियर गाठा. इतकं जवळ आलंय ते.

आजचा विषय एका ताईच्या व्हॉइस मेसेजवरून घेतलाय. त्या म्हणतात, “दादा, आमचं लेकरू पावणेदोन वर्षांचं आहे. शेंगदाणा आणि तीळ, दोन्हीची अ‍ॅलर्जी. एकदा चटणीचं बोट चाटलं तर ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, दवाखान्यात न्यावं लागलं. आता सासऱ्यांच्या रिटायरमेंटला अकरा जण क्रूझवर निघालेत. मी नको म्हणलं तर सगळ्यांचा हिरमोड. हो म्हणलं तर मला झोप नाही. काय करू?”

ताई, उत्तर आधीच सांगतो. जाता येतं. पण क्रूझची तयारी जहाजावर होत नाही, ती नांदेड-लातूरलाच होते. धक्का सुटला की तुमच्याजवळ तेवढंच असतं, जेवढं तुम्ही घरून नेलंय: औषध, कागद आणि शहाणी माणसं.

जहाज वेगळं का?

घरी काही झालं तर रिक्षा, गाडी, शेजाऱ्याची बाईक, काहीतरी करून पंधरा-वीस मिनिटांत दवाखाना येतो. जहाजावर डॉक्टर, नर्स आणि छोटा दवाखाना असतो, तिथं पैसे भरून उपचार मिळतात. पण मुलांचा आयसीयू किनाऱ्यावर असतो, आणि जहाज काही रिक्षासारखं वळत नाही. म्हणून पहिल्या खेपेला किनाऱ्याकिनाऱ्यानं जाणारी, दोन रात्रींची मुंबई-गोवा सफर बरी. लक्षद्वीप सुंदर आहे, पण ती बेटं कोचीपासून २२० ते ४४० किलोमीटर समुद्रात आहेत. ते लेकरू मोठं झाल्यावर.

दुसरा फरक स्वयंपाकाचा. घरी काय पडतंय ते तुम्हाला माहीत असतं. जहाजावर हजारो ताटं निघतात आणि एकच पळी दहा भांड्यांत फिरते.

आधी नीट कळू द्या, अ‍ॅलर्जी कशाची?

“दूध पचत नाही” आणि “दुधाची अ‍ॅलर्जी” या दोन वेगळ्या गोष्टी. पहिल्यात पोट बिघडतं. दुसरीत शरीराची संरक्षण यंत्रणा दुधातल्या प्रथिनाला शत्रू समजून अंगावर येते, आणि त्यात जीवाला धोका होऊ शकतो. रक्ताची किंवा त्वचेची तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणजे अ‍ॅलर्जी पक्की, असंही नाही. खाल्ल्यावर नेमकं काय झालं, तो इतिहास आणि तपासणी एकत्र बघून बालरोगतज्ज्ञ किंवा अ‍ॅलर्जीचे डॉक्टर ठरवतात. निघायच्या महिनाभर आधी त्यांना भेटा. तीन गोष्टी मागा: काय टाळायचं याची यादी, त्रास झाला तर कोणत्या क्रमानं काय करायचं याचा एक कागद, आणि अ‍ॅड्रेनॅलिन.

अ‍ॅड्रेनॅलिन: या भागातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट

गंभीर अ‍ॅलर्जीला डॉक्टर अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. त्यावर पहिलं औषध एकच, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत द्यायचं अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन. आपल्याकडं गांधी उठल्या की आमसुलाचं पाणी चोळतात, सेट्रिझिनचं सिरप पाजतात. सिरपनं खाज थांबते. आतून सुजणारा घसा आणि खाली येणारं ब्लडप्रेशर त्यानं थांबत नाही. सिरपचा गुण येतोय का हे बघत बसण्यात जी मिनिटं जातात, तीच महागात पडतात.

परदेशी सिनेमात दिसतो तसा पेनसारखा ऑटो-इंजेक्टर आपल्या गल्लीतल्या मेडिकलवर सहज मिळत नाही. म्हणून डॉक्टर बऱ्याचदा अँप्युल आणि सिरिंज देतात, आणि किती भरायचं ते खूण करून दाखवतात. डोस लेकराच्या वजनावर ठरतो, त्यामुळं सहा महिन्यांपूर्वीची चिठ्ठी चालणार नाही. निघण्याआधी वजन करून डोस पुन्हा विचारा. दोन डोस न्या, कारण पाच ते पंधरा मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा लागू शकतो. आणि डॉक्टरांसमोर बसून किमान दोघांनी शिका. एकटी आईच नको. आई आंघोळीला गेली असेल तेव्हा काय?

औषध फ्रिजमध्ये गोठवायचं नाही आणि उन्हात तापवायचं नाही. मे महिन्यात पार्क केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर अजिबात ठेवू नका. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असली की सिक्युरिटीला सिरिंजचं कारण सांगावं लागत नाही.

एक बारीक गोष्ट: बंदरावर मोठ्या बॅगा आपल्याकडून घेतात आणि त्या काही तासांनी केबिनपाशी पोचतात. औषध त्या बॅगेत गेलं, तर पहिलं जेवण औषधाविना. म्हणून औषध कायम खांद्यावरच्या छोट्या पिशवीत, आणि ती पिशवी कायम लेकरासोबत.

बुकिंगच्या आधी विचारा, आणि लेखी विचारा

फोनवर एजंट म्हणतो, “हो हो, सगळं होतं सर.” ते ऐकून घ्या, पण ईमेल करा. लेकराचं वय, अ‍ॅलर्जी कशाची, आधी काय झालं होतं, हे लिहा आणि चार प्रश्न विचारा. लेकराचं जेवण वेगळ्या भांड्यात करून देता का? जहाजावरच्या दवाखान्यात लहान मुलांसाठी अ‍ॅड्रेनॅलिन आणि ऑक्सिजन आहे का? सीलबंद खाऊ आणता येईल का? जेवणाबद्दल जहाजावर कोणाला भेटायचं?

आपला हातखंडा उपाय म्हणजे घरून डबा आणि छोटी इंडक्शन शेगडी. ती विसरा. आगीच्या भीतीनं जहाजांवर शेगडी, किटली असल्या वस्तू काढून घेतात, आणि घरचं शिजवलेलं अन्नही बऱ्याच ठिकाणी आत नेऊ देत नाहीत. सीलबंद बेबी फूड, नाचणी सत्त्वाचं न फोडलेलं पाकीट यांची परवानगी बहुधा मिळते, पण तीही आधी लेखी घ्या.

ईमेलला उत्तरच आलं नाही, तर तेही एक उत्तर आहे. त्या जहाजावर जाऊ नका.

लेबल वाचताना तीळ निसटतो

आपल्याकडं २०२० च्या लेबलिंग नियमांप्रमाणं पॅकबंद पदार्थावर अ‍ॅलर्जीच्या ठरावीक घटकांची वेगळी सूचना असावी लागते. त्या यादीत ग्लुटेन असलेली धान्यं, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचवाले प्राणी, शेंगदाणा आणि सुकामेवा, सोयाबीन आणि सल्फाइट आहेत. तिळाचं नाव त्यात नाही. अमेरिकेत २०२३ पासून तीळ यादीत आला. म्हणजे ताई, तुमच्या लेकरासाठी खालची ठळक ओळ वाचून भागत नाही, घटकांची पूर्ण यादी वाचावी लागते.

हे किती गंभीर असू शकतं? २०१६ च्या जुलैमध्ये नताशा एडनान-लापरूज ही १५ वर्षांची ब्रिटिश मुलगी लंडनहून फ्रान्सच्या नीस शहराला विमानानं निघाली होती. विमानतळावर घेतलेल्या सँडविचच्या पावात तीळ भाजलेले होते आणि वेष्टनावर ते लिहिलेलं नव्हतं. वडिलांनी दोन इंजेक्शनं दिली, तरी ती वाचली नाही. तिच्या नावानं ओळखला जाणारा कायदा इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाला. घाबरवायला सांगत नाही. पण “नुसता पावच तर आहे” हे वाक्य आपण कधी म्हणायचं नाही, म्हणून सांगतोय.

जहाजावर तीळ बर्गरच्या बनवर, ब्रेडस्टिकवर, हमसमध्ये, सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये सापडेल. शेंगदाणा सॉसमध्ये, केकवर, चाटमध्ये. आणि “जैन जेवण द्या” म्हणून हे सुटत नाही. जैन जेवणात कांदा-लसूण-बटाटा नसतो, शेंगदाणा, तीळ आणि दूध खुशाल असतं.

भाषेचीही गंमत आहे. आपण “कूट आहे का?” विचारतो आणि समोरच्याला कूट माहीतच नसतो. म्हणून हिंदी आणि इंग्रजीत एक कार्ड छापा: “या मुलाला शेंगदाणा, शेंगदाण्याचं तेल, कूट, तीळ, तिळाचं तेल यातलं काहीही चालत नाही. थोडंसुद्धा नाही. जीवाला धोका आहे.” तेल मुद्दाम लिहिलंय. रिफाइंड तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, पण लाकडी घाण्याच्या तेलात ते राहू शकतं.

जहाजावरचे पहिले चार तास

सगळ्यात धोक्याचं जेवण पहिलं. सकाळी सीएसएमटीला उतरलेलो, रांगेत थकलेलो, लेकरू रडतंय, आणि जहाजावर चढताच समोर बफे. अजून कोणत्याही आचाऱ्याशी बोलणं झालेलं नाही. हे जेवण लेकराला सीलबंद खाऊवरच काढू द्या. तेवढ्यात एकानं रेस्टॉरंटच्या मुख्य वेटरला किंवा शेफला भेटायचं, कार्ड द्यायचं, ईमेल दाखवायचं. पुढची जेवणं बफेत नको. बसून ऑर्डर द्यायच्या हॉलमध्ये, शक्यतो रोज त्याच टेबलावर, आदल्या दिवशी सांगून. साधा भात, उकडलेली भाजी, फळं, वेगळ्या भांड्यात. लेकराला दोन दिवस तेच तेच खाल्ल्यानं काही होत नाही. आणि नवा पदार्थ प्रवासात नाही म्हणजे नाही.

बफेच्या दाराशी सॅनिटायझर असतो. अल्कोहोलनं जंतू मरतात, पण शेंगदाण्याचं प्रथिन हातावरच राहतं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात साबण-पाण्यानं आणि वाइप्सनं ते निघालं, नुसत्या पाण्यानं आणि सॅनिटायझरनं नीट निघालं नाही. म्हणून साबणानं हात, तुमचेही आणि लेकराचेही. उंच खुर्ची, टेबल, केबिनमधला रिमोट वाइप्सनं पुसा. हेच आदल्या रात्री रेल्वेच्या बर्थवरही करा, तिथं तर खाऱ्या शेंगदाण्याची टरफलं सीटखालीच असतात.

उलटी झाली, आता समुद्र लागला की अ‍ॅलर्जी?

हा जहाजावरचा खरा पेच. दोन वर्षांखालच्या बाळांना प्रवास लागणं तसं कमी असतं, त्यानंतर ते वाढतं. म्हणून या वयात उलटी झाली की “समुद्र लागला” म्हणून सोडून देऊ नका. आधी आठवा, गेल्या दोन तासांत काय खाल्लं? मग अंग उघडं करून बघा. गांधी, ओठ-डोळ्यांची सूज, सारखा खोकला, घरघर, रडण्याचा आवाज बसणं, जीभ ओढणं, एकदम पांढरं पडणं, मलूल होऊन मान टाकणं. खाल्ल्यानंतर यातलं काही उलटीसोबत दिसलं, तर डॉक्टरांच्या कागदाप्रमाणं इंजेक्शन द्या आणि मदत बोलवा. लेकराला आडवं ठेवा, उलटी होत असेल तर कुशीवर, श्वास लागत असेल तर मांडीवर बसतं ठेवा. त्याला उभं करू नका, चालवू नका. इंजेक्शननंतर बरं वाटलं तरी दवाखान्यात देखरेखीखाली राहायचं, कारण काही तासांनी त्रास परत उलटू शकतो.

आणि एसटीत लागतं म्हणून घरात असलेली अव्होमिन दोन वर्षांखालच्या लेकराला द्यायची नाही. तिच्यातल्या औषधानं लहान बाळांचा श्वास मंदावू शकतो. शिवाय गुंगी आली की मलूल कशानं झालं तेच कळत नाही.

खरी अडचण जहाज नाही, “एवढ्यानं काय होतंय” आहे

येळवसेला शेतात गेल्यावर दहा हात दहा घास पुढं करतात. ते प्रेमच असतं. गुरुद्वाऱ्यातला प्रसाद असो की आत्याचा तिळाचा लाडू, नको म्हणणं आपल्याकडं जड जातं. अकरा जणांच्या ग्रुपमध्ये कोणीतरी चिवडा उघडणार, कोणीतरी चिक्की वाटणार, आणि आजी म्हणणार, “आमच्या वेळी असलं काही नव्हतं बाई.”

म्हणून निघायच्या आठवडाभर आधी सगळ्यांना एकत्र बसवा. व्हॉट्सअ‍ॅप मेसेज नको, समोर बसवा. हे बोलणं लेकराच्या बापानं करायचं, त्याच्याच आईवडिलांशी. सुनेनं सांगितलं की ते नखरे वाटतात, मुलानं सांगितलं की ते औषध वाटतं. कटू आहे, पण खरं आहे. नियम दोनच. चिवडा-चिक्की या सहलीत कोणीच आणणार नाही. आणि लेकराच्या तोंडात घास घालायचा हक्क दोघांनाच. दर वेळी एकाचं नाव ठरलेलं असावं, “आत्ता बघतंय कोण?” याचं उत्तर एकच माणूस. सगळे बघतायत म्हणजे कोणीच बघत नाही.

आणि नाही म्हणायचं असेल तर

दमा आटोक्यात नसेल, अलीकडंच मोठा झटका आला असेल, इंजेक्शन द्यायला कोणी शिकलेलं नसेल, किंवा घरचे ऐकायलाच तयार नसतील, तर यंदा नको. तेव्हा सासऱ्यांना घेऊन गेटवेहून घारापुरीला लाँचनं जा, नाहीतर २०२० पासून सुरू असलेल्या रो-रो बोटीनं भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला. तासाभराचा समुद्र, खाऊ आपला, किनारा समोर.

ताई, तुम्हाला झोप येत नाही ते बरोबरच आहे. ती काळजी एका आईची राहू देऊ नका, अकरा जणांत वाटून घ्या. वाटली गेली तर जा. नाही वाटली गेली, तर नको म्हणताना अपराधी वाटून घेऊ नका.

आजच्या भागात इतकंच. ज्यांच्या घरात असं लेकरू आहे त्यांना हा भाग पाठवा, आणि त्यांच्या सासरीही पाठवा. भेटू पुढच्या भागात!