मिठाचा पिवळा

पातेल्यात बटाटे उकडायला ठेवावेत, पाण्यात मीठ घालावं आणि जरा नजर हटली की पाणी उतू जातंच. बर्नरवर थेंब पडतात, आणि गॅसची निळी ज्योत क्षणभर पिवळीधमक होते. हा पिवळा मिठातल्या सोडियमचा. तो कुठून येतो हे कळल्यापासून मी शेगडी पुसायची सोडून आधी ज्योतीकडे बघत राहते.

सोडियमच्या अणूत अकरा इलेक्ट्रॉन. अणुकेंद्राची ओढ एवढी, की सगळे तळाशीच गोळा व्हायला हवेत. पण सर्वांत खालच्या ऊर्जापातळीत जागा दोघांनाच, तिच्यावरच्या पातळीत आठांना. दोन इलेक्ट्रॉन अगदी एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत, हा नियम वोल्फगांग पाउलीने १९२५ मध्ये मांडला. दहांची सोय लागली. अकरावा तिसऱ्या पातळीत एकटा. मिठात तर तो क्लोरीनकडे गेलेला असतो, ज्योतीच्या धगीत सोडियमला परत मिळतो.

ती धगच या एकट्याला वरच्या पायरीवर ढकलते. मधे कुठे रेंगाळायची सोय नाही: एक तर ही पायरी, नाही तर ती. नील्स बोरने १९१३ मध्ये हे सांगितलं तेव्हा ते किती विलक्षण वाटलं असेल! वरही तो टिकत नाही. सेकंदाचे एक कोटी भाग केले, तर त्यातला एक भागही सरायच्या आत बहुधा खाली येतो, आणि दोन पायऱ्यांमधली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. पायरीची उंची ठरलेली, म्हणून रंगही ठरलेला: ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळा.

आणि उलटही घडतं. तेवढाच प्रकाश मिळाला तर इलेक्ट्रॉन तो गिळून वर चढतो. सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यात नेमक्या याच जागी फ्राउनहोफरला काळ्या रेघा दिसल्या होत्या. १८५९ मध्ये किर्खहोफने त्यांचा अर्थ लावला: सूर्याच्या वातावरणात सोडियम आहे. सूर्यावर काय आहे, हे जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये बसून कळलं!

आज रात्री ओट्यावरचा दिवा मालवा. स्टीलचा चमचा मिठाच्या पाण्यात बुडवा, सांडशीत धरा आणि ज्योतीत न्या. मुलांना जवळ बोलवा, पण हातभर लांब उभं करा.