मेटल डिटेक्टर वाजतो. पण सोने सापडते का?

प्रतिनिधी, ठाकुर्ली

रेल्वे स्थानकाच्या प्रवेशद्वारावरील चौकटीतून जाताना खिशातील किल्ल्यांमुळे वाजणारा मेटल डिटेक्टर उपनगरांतील प्रवाशांना नवा नाही. ११ जुलै २००६ रोजी लोकलगाड्यांत झालेल्या बॉम्बस्फोटांनंतर अनेक स्थानकांवर अशा चौकटी उभारण्यात आल्या. त्याच तत्त्वावर चालणारी आणि हातात धरून जमिनीवरून फिरवायची यंत्रे आता घरबसल्या मागवता येतात. त्यांच्या किमती काही हजार रुपयांपासून काही लाख रुपयांपर्यंत असतात आणि बहुतेकांच्या जाहिरातींत सोन्याच्या चकाकत्या खड्यांची छायाचित्रे असतात. ठाकुर्ली, डोंबिवली वा कल्याणमधील एखाद्या हौशी माणसाने असे यंत्र घेतले, तर त्याला सोने सापडेल का? आणि घ्यायचेच असेल, तर नेमके काय पाहून घ्यावे?

थोडक्यात उत्तर द्यायचे, तर हे यंत्र सोने ओळखत नाही. ते फक्त वीजवाहक वस्तू ओळखते. ती वस्तू किती खोलीवर ओळखता येईल, हे यंत्राइतकेच त्याच्या टोकाला बसवलेल्या कॉइलवर अवलंबून असते आणि या दोहोंपेक्षा अधिक पायाखालच्या जमिनीवर. जाहिरातींमध्ये नेमका हा शेवटचा मुद्दा गाळलेला असतो.

यंत्र चालते कसे?

मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये शोधलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वावर मेटल डिटेक्टर चालतो. यंत्राच्या दांड्याच्या टोकाला असलेल्या चकतीत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. हीच शोधकॉइल. तिच्यातून बदलता विद्युतप्रवाह सोडला, की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. या क्षेत्रात धातूची वस्तू आली, तर तिच्यात छोटे भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण होतात. या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण चुंबकीय क्षेत्र असते. ते कॉइल टिपते आणि यंत्र आवाज करते.

टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्या शरीरातील बंदुकीची गोळी शोधण्यासाठी असे यंत्र वापरून पाहिले होते. तो प्रयत्न फसला. गादीतील धातूच्या तारांमुळे यंत्राचा गोंधळ उडाला, असे त्याचे एक कारण सांगितले जाते. भोवतालच्या नको त्या धातूमुळे हवी ती वस्तू हरवणे, ही अडचण तेव्हापासून आजतागायत या यंत्राची पाठ सोडत नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी विकसित केलेले सुरुंगशोधक यंत्र १९४२ मध्ये एल अलामेनच्या लढाईत वापरले गेले. आजच्या हौशी यंत्रांची वाट तेथून पुढे रुंदावत गेली.

यंत्रांचे दोन घराणे

सोने शोधण्यासाठी विकल्या जाणाऱ्या यंत्रांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत.

पहिला ‘व्हीएलएफ’, म्हणजे अतिशय कमी वारंवारतेच्या लहरींवर सतत चालणारा. तो जमिनीत पाठवलेली लहर आणि परत आलेली लहर यांतील फरक मोजतो. या फरकावरून वस्तू लोखंडाची आहे की अन्य धातूची, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. नाणी शोधणारी साधारण यंत्रे काही किलोहर्ट्झपासून वीसेक किलोहर्ट्झपर्यंतच्या वारंवारतेवर चालतात. सोन्याचे बारीक खडे मात्र अधिक वारंवारतेला चांगला प्रतिसाद देतात. म्हणून खास सोन्यासाठी बनवलेले ‘मिनलॅब’ कंपनीचे ‘गोल्ड मॉन्स्टर १०००’ हे यंत्र ४५ किलोहर्ट्झवर, तर ‘फिशर’चे ‘गोल्ड बग २’ हे ७१ किलोहर्ट्झवर चालते. दोष असा, की वारंवारता वाढली की जमिनीतील लोहयुक्त खनिजांचा त्रासही वाढतो.

दुसरा प्रकार ‘पल्स इंडक्शन’. यात कॉइलमधून विजेचे अतिशय छोटे झटके सेकंदाला शेकडो वेळा सोडले जातात. प्रत्येक झटक्यानंतर यंत्र क्षणभर शांत राहून जमिनीतून विरत जाणारा प्रतिध्वनी ऐकते. लोहयुक्त जमिनीत ही पद्धत अधिक खोलवर पोहोचते. ऑस्ट्रेलियातील ‘मिनलॅब’ने १९९५ मध्ये आणलेल्या ‘एसडी २०००’पासून सोन्याच्या शोधात या पद्धतीचा बोलबाला झाला. २०२१ चे ‘जीपीएक्स ६०००’ हे त्याच परंपरेतील. मात्र लोखंड आणि सोने यांत फरक करणे या यंत्रांना फारसे जमत नाही. शिवाय त्यांची किंमत लाखांच्या घरात जाते. जेथे जमिनीत खिळे, पत्रे आणि बाटल्यांची बुचे विखुरलेली असतात, तेथे असे महागडे यंत्र घेणाऱ्यावर प्रत्येक खिळा खणून काढण्याची पाळी येते.

कॉइल निवडताना

यंत्र एकच ठेवून कॉइल बदलली, तरी निकाल बदलतो. कॉइलच्या बाबतीत दोन गोष्टी पाहायच्या असतात, आकार आणि रचना.

मोठ्या व्यासाची कॉइल अधिक खोल जाते. पण मोठ्या वस्तूंसाठीच. तांदळाच्या दाण्याएवढा सोन्याचा कण तिच्या विस्तृत क्षेत्रात हरवून जातो. पाच-सहा इंचांची कॉइल हाच कण टिपू शकते, मात्र तो अगदी पृष्ठभागाजवळ असला तरच. कॉइल मोठी असली, की ती एकाच वेळी अधिक जमिनीचा गोंगाटही ऐकते. त्यामुळे कचरा असलेल्या जागी लहान कॉइल सोयीची ठरते.

रचनेचे तीन प्रकार प्रचलित आहेत. ‘कॉन्सेंट्रिक’ कॉइलमध्ये एका वेटोळ्याच्या आत दुसरे वेटोळे असते. तिचे क्षेत्र शंकूसारखे खाली निमुळते होते. वस्तूची नेमकी जागा ती चांगली दाखवते, पण लोहयुक्त मातीत लवकर गोंधळते. ‘डबल डी’ प्रकारात इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी एकमेकांवर थोडी चढवलेली असतात. तिचे क्षेत्र पात्यासारखे अरुंद असल्याने एका वेळी थोडीच जमीन ऐकली जाते आणि खनिजांचा त्रास कमी होतो. ‘मोनो’ प्रकारात झटका पाठवणे आणि ऐकणे ही दोन्ही कामे एकच वेटोळे करते. पल्स इंडक्शन यंत्रात ती खोलीसाठी वापरली जाते, पण जमीन फार लोहयुक्त असेल तर डबल डी लावणे श्रेयस्कर. ‘जीपीएक्स ६०००’सोबत ११ इंची मोनो आणि १४ इंची डबल डी अशा दोन कॉइल दिल्या जातात, त्या यासाठीच.

खोलीविषयीच्या दाव्यांकडे मात्र सावधपणे पाहायला हवे. वस्तूचे अंतर कॉइलच्या आकाराच्या तुलनेत बरेच वाढले, की अंतर दुप्पट होताच परतणारा संकेत सुमारे ६४ पटींनी दुबळा होतो. जाणारी लहरही अंतराने क्षीण होते आणि येणारीही. म्हणूनच बोटातील अंगठीएवढी वस्तू सामान्य यंत्राला साधारणपणे वीतभर खोलीपर्यंतच कळते. ‘वीस फुटांवरचे सोने दाखवतो’ हा दावा अंगठी वा खड्याच्या बाबतीत पदार्थविज्ञानात बसत नाही.

ठाकुर्लीच्या जमिनीत काय आहे?

आता मूळ प्रश्न. ठाकुर्ली, डोंबिवली, कल्याण हा सारा परिसर दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजेच बेसॉल्टवर वसला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून हा खडक तयार झाला. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग त्यानेच व्यापला आहे. रेल्वेच्या रुळांखाली पसरलेली काळी खडीही याच जातीची.

बेसॉल्टमध्ये सोने अगदीच नसते असे नाही. पण त्याचे प्रमाण टनामागे काही मिलिग्रॅम इतके नगण्य असते. सोन्याच्या खाणीत टनामागे काही ग्रॅम सोने असावे लागते, म्हणजे साधारण हजारपट अधिक. याउलट बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइटसारखी चुंबकीय लोहखनिजे मुबलक असतात. खडक झिजून माती होताना ती मातीत उतरतात. माथेरानची लाल माती ही तर लोहाचेच दर्शन. यंत्र अशा जमिनीवर फिरवले, की ते जमिनीलाच धातू समजून कुरकुरू लागते. त्यासाठी यंत्रात ‘ग्राउंड बॅलन्स’ची सोय असते. तिने जमिनीचा आवाज वजा करता येतो, पण त्यासोबत खोलीही घटते.

याखेरीज खाडीकाठचा खारा, ओला चिखल स्वतःच वीजवाहक असतो. एकाच वारंवारतेवर चालणारे यंत्र तेथे उगाच वाजते. त्यात भर शहरी कचऱ्याची. रेल्वेचा परिसर, आता बंद असलेले चोळा पॉवर हाऊस आणि वर्षानुवर्षांची बांधकामे यांमुळे या भागात लोखंडाला तोटा नाही. अ‍ॅल्युमिनियमचा चुरगळलेला कागद आणि सोन्याची लहान अंगठी यांचे संकेत तर इतके सारखे असतात, की दोहोंत फरक करणे चांगल्या यंत्रालाही कठीण जाते. थोडक्यात, ठाकुर्लीत यंत्र भरपूर वाजेल. त्यातून नैसर्गिक सोने मिळण्याची शक्यता शून्यवत आहे.

मग जगात इतरत्र सोने सापडते, ते कसे? ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात १९८० मध्ये मेटल डिटेक्टरच्या साहाय्याने सुमारे २७ किलो वजनाचा ‘हँड ऑफ फेथ’ हा सोन्याचा गोळा सापडला. तेथे अतिप्राचीन खडकांतील गारगोटीच्या शिरा कोट्यवधी वर्षे झिजत गेल्या आणि सोन्याचे खडे पृष्ठभागाजवळ साचले. यंत्राला यश मिळाले ते जमिनीमुळे.

महाराष्ट्रातही सोन्याच्या खुणा आहेत. पण त्या बेसॉल्टच्या बाहेर, विदर्भात. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतील साकोली पट्ट्याच्या प्राचीन खडकांत भूवैज्ञानिकांनी सुवर्णखनिजाची नोंद केली आहे. ते सोने खडकात इतके सूक्ष्म विखुरलेले असते, की हातातील यंत्राला ते ऐकूच येत नाही. त्यासाठी खोल छिद्रे घेऊन खडकाचे नमुने प्रयोगशाळेत तपासावे लागतात. वैनगंगेच्या खोऱ्यात नदीची वाळू लाकडी थाळीत धुऊन सोन्याचे कण वेगळे करणाऱ्या सोनझारी समाजालाही यंत्राची गरज कधी भासली नाही. धुळीएवढ्या सोन्यासाठी पाणी आणि थाळी हेच साधन आहे. सराफ बाजारातील केर धुऊन सोने काढणारे झारेकरी हेच तर करत आले.

गुप्तधनाचा सापळा

जमिनीत खनिज नसेल, पण पूर्वजांनी पुरलेले धन असेल, या आशेवर दुसरा बाजार चालतो. ‘लांबूनच सोने दाखवणारी’ म्हणून विकली जाणारी, दोन अँटेनांची यंत्रे त्यातलीच. त्यांत कॉइल नसते आणि ती चालण्यामागे कोणतेही सिद्ध झालेले तत्त्व नाही. ‘एडीई ६५१’ नावाचे असेच एक बनावट यंत्र स्फोटके शोधणारे म्हणून इराकला विकले गेले. ते विकणाऱ्या ब्रिटिश व्यावसायिकाला २०१३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली.

खरे शास्त्रीय सर्वेक्षणही ‘येथे सोने आहे’ असे सांगू शकत नाही. उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यात डौंडिया खेडा येथे एका साधूला पडलेल्या स्वप्नानंतर एक हजार टन सोन्याची चर्चा झाली. भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जमिनीखाली काही वेगळे संकेत मिळाले आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने उत्खनन सुरू केले. जुन्या वस्तीचे अवशेष मिळाले, सोने मिळाले नाही.

महाराष्ट्रात गुप्तधनाच्या नावाखाली फसवणूक आणि त्याहून भयंकर प्रकार घडले आहेत. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने धनाच्या शोधासाठी अमानुष, अघोरी कृत्य करणे हा गुन्हा ठरवला असून, त्यासाठी सहा महिने ते सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

कायदा काय सांगतो?

यंत्र हाती आहे म्हणून कोठेही खणता येत नाही. १८७८ च्या ‘इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अ‍ॅक्ट’नुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड वा दोन्ही होऊ शकतात. संरक्षित किल्ले, लेणी आणि स्मारकांच्या परिसरात परवान्याविना उत्खनन करण्यास १९५८ च्या कायद्याने बंदी आहे. खनिज सोन्याचा शोध घेण्यासाठीही १९५७ च्या खाण व खनिज कायद्याखाली परवाना लागतो.

मग या यंत्राचा उपयोग काय? हरवलेली वस्तू शोधण्यासाठी ते उत्तम आहे. बागेत पडलेली कर्णफुले, अंगणातील मातीत गेलेली अंगठी, भिंतीतील वा जमिनीखालील पाइप शोधण्याचे काम साधे, स्वस्त यंत्रही चोख करते.

यंत्र घेण्यापूर्वी

- यंत्राची वारंवारता आणि कॉइलचा प्रकार लेखी विचारावा. विक्रेत्याला हे सांगता येत नसेल, तर व्यवहार टाळावा.
- लोहयुक्त काळ्या वा लाल जमिनीसाठी ‘ग्राउंड बॅलन्स’ची सोय आणि डबल डी कॉइल असलेले यंत्र पाहावे.
- हरवलेला दागिना शोधायचा असल्यास लहान कॉइल पुरेशी. समुद्रकिनाऱ्यावर वापरायचे असल्यास अनेक वारंवारतांवर चालणारे यंत्र घ्यावे.
- पैसे देण्यापूर्वी अंगठी, खिळा आणि अ‍ॅल्युमिनियमचा कागद मातीत वीतभर खोल पुरून यंत्र त्यावरून फिरवून पाहावे.
- कॉइल नसलेले, ‘लांबून सोने दाखवणारे’ यंत्र कोणत्याही किमतीला घेऊ नये.
- धन काढून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्याची माहिती पोलिसांना द्यावी.